'हॅव' या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ व उपयोजन : मराठी भाषक विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रात सन 2000 पासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. असे असूनही पदवी वर्गात आलेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी 'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स' असे वाक्य सहजपणे उच्चारतो. मुलाखतीत किंवा परीक्षेत अशा वाक्यावरून त्याची पात्रता जोखली जाते व तो 'इंग्रजीत कच्चा' ठरतो. वस्तुतः या चुकीमागे निष्काळजीपणापेक्षा दोन भाषांच्या रचनेतील मूलभूत भेद अधिक कारणीभूत असतो. इंग्रजीत स्वामित्व दर्शविणारे 'हॅव' हे स्वतंत्र क्रियापद आहे. मराठीत त्याला समांतर असे एकही क्रियापद नाही. प्रस्तुत लेखात या क्रियापदाचे प्रमुख अर्थ, त्यांची मराठीतील रूपे आणि त्यातून उद्भवणाऱ्या अध्ययनविषयक अडचणी यांचा विचार करावयाचा आहे.

व्युत्पत्ती

'हॅव' हे प्राचीन इंग्रजीतील 'हाब्बान' या धातूपासून आलेले रूप होय. त्याच्या मुळाशी 'पकडणे, धरणे' हा अर्थ आहे. लॅटिनमधील 'हाबेरे' या क्रियापदाशी त्याचे ध्वनिसाम्य व अर्थसाम्य दिसत असले तरी ही दोन क्रियापदे एकाच मुळातून आलेली नाहीत. जेकब ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडलेल्या ध्वनिपरिवर्तनाच्या नियमानुसार मूळ 'क' ध्वनीचा जर्मानिक भाषांत 'ह' होतो. त्यामुळे 'हॅव'चे खरे लॅटिन भावंड 'कापेरे', म्हणजे 'पकडणे' हे ठरते. जे हाती धरले ते आपले, या कल्पनेतून स्वामित्वाचा अर्थ विकसित झाला.

स्वामित्व व्यक्त करण्यासाठी असे क्रियापद असणे ही जगातील भाषांची सार्वत्रिक रीत नव्हे. रशियन, अरबी, संस्कृत, कन्नड अशा अनेक भाषा हे काम 'असणे' या अर्थाच्या रचनेने करतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, 'जवळ असणे' हे वस्तुतः 'असणे' याचेच उलटविलेले रूप आहे, असे प्रतिपादन केले. मराठीची रचना या दृष्टीने अपवादात्मक किंवा अपूर्ण मानण्याचे कारण नाही.

स्वामित्वाचा अर्थ आणि मराठीतील विभागणी

शालेय पातळीवर 'हॅव म्हणजे जवळ असणे' असे समीकरण बहुधा पाठ करून घेतले जाते. ते अपुरे आहे. इंग्रजीत एकाच क्रियापदाने सांगितलेली गोष्ट मराठी भाषक नात्याच्या स्वरूपानुसार निरनिराळ्या रचनांनी सांगतो.

1) नातेसंबंध व अवयव : 'मला दोन भाऊ आहेत', 'माणसाला दोन डोळे असतात', 'टेबलाला चार पाय आहेत'. येथे 'ला' प्रत्यय येतो. हे संबंध सहजासहजी तोडता येत नाहीत.

2) ताब्यातील वस्तू : 'माझ्याकडे गाडी आहे', 'माझ्याजवळ पन्नास रुपये आहेत'. येथे शब्दयोगी अव्यय येते. वस्तू आज आहे, उद्या नसेल.

3) मालकी : 'त्याचे गावात घर आहे', 'तिची चार एकर शेती आहे'. येथे षष्ठी विभक्ती येते.

4) व्याधी व मनोवस्था : 'त्याला ताप आहे', 'मला शंका आहे'. पुन्हा 'ला' प्रत्यय. परंतु येथे व्यक्ती धारण करणारी नसून अनुभवणारी आहे.

5) गुण : 'तिच्यात धैर्य आहे', 'त्याच्या अंगी चिकाटी आहे'.

या पाचही ठिकाणी इंग्रजीत 'हॅव' चालते. मराठीत मात्र रचना बदलली की अर्थ बदलतो. 'मला दोन भाऊ आहेत' ऐवजी 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' असे म्हटल्यास ते सध्या आपल्या घरी राहावयास आले आहेत, असा बोध होईल. म्हणजेच स्वामित्वाच्या बाबतीत मराठी ही इंग्रजीपेक्षा अधिक सूक्ष्म भेद करते.

आता आरंभीच्या चुकीकडे पाहता येईल. मराठी वाक्यात 'आहे' हे क्रियापद असते व विद्यार्थ्याच्या मनात त्याची सांगड 'अॅम, इज, आर' यांच्याशी घातलेली असते. 'मी जातो आहे' यातील 'आहे' इंग्रजीत 'अॅम गोइंग' असे होते. तोच संस्कार 'मला भाऊ आहेत' या वाक्यावर होऊन 'अॅम हॅविंग' हे रूप तयार होत असावे. स्वामित्व ही स्थिती आहे, चालू असलेली कृती नव्हे; म्हणून प्रमाण इंग्रजीत तेथे अपूर्ण काळाचे रूप योजले जात नाही.

कृतिवाचक उपयोग

तथापि 'शी इज हॅविंग टी' हे वाक्य बरोबर आहे. येथे 'हॅव'चा अर्थ स्वामित्व नसून कृती हा आहे. 'हॅव अ बाथ', 'हॅव लंच', 'हॅव अ लुक' अशा प्रयोगांत क्रियापद जवळजवळ अर्थशून्य होते आणि अर्थाचा भार नामावर पडतो. मराठीत 'करणे' व 'घेणे' ही क्रियापदे असेच कार्य करतात : आंघोळ करणे, जेवण करणे, चहा घेणे. 'आहे' असे भाषांतर होत असेल तर साधे रूप आणि 'करतो, घेतो' असे होत असेल तर अपूर्ण काळही चालतो, हा सोपा निकष विद्यार्थ्यास देता येतो.

साहाय्यक क्रियापद

'आय हॅव रिटन द लेटर' यात 'हॅव' पूर्ण काळ दर्शविते. ऐतिहासिक दृष्ट्या या रचनेचा मूळ अर्थ 'लिहिलेले पत्र माझ्याजवळ आहे' असा होता. प्राचीन इंग्रजीत धातुसाधित रूप कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलू शकत असे. मराठीच्या कर्मणी प्रयोगात आजही 'त्याने पत्र लिहिले आहे' आणि 'त्याने चिठ्ठी लिहिली आहे' असा बदल होतो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

अडचण कालवाचक शब्दांपाशी येते. 'मी काल पत्र लिहिले आहे' हे मराठीत खपते. इंग्रजीत 'यस्टरडे' आल्यावर 'हॅव रिटन' चालत नाही, केवळ 'रोट' चालते. याउलट 'मी तीन वर्षांपासून येथे राहतो आहे' या वाक्यात मराठी वर्तमानकाळ योजते, तर इंग्रजीस 'हॅव बीन लिव्हिंग' हवे असते.

बंधन व करवून घेणे

'हॅव टू' हे बंधन दर्शविते. बोलण्यात त्यातील 'व्ह' ध्वनी कठोर होऊन 'हॅफ टू' असा उच्चार होतो, त्यामुळे श्रवणात ते ओळखणे कठीण जाते. 'यू डोन्ट हॅव टू गो' म्हणजे 'तुला जाण्याची गरज नाही'. विद्यार्थी मात्र त्याचे भाषांतर 'तुला जायचे नाही' असे करतो व सवलतीचा निषेध होऊन बसतो. सूचनापत्रक वाचताना ही गफलत महागात पडू शकते. मनाईसाठी 'मस्ट नॉट' हे रूप आहे.

'वी हॅड द हाउस पेंटेड' म्हणजे 'आम्ही घर रंगवून घेतले'. 'वी हॅड पेंटेड द हाउस' म्हणजे 'आम्ही घर रंगविले होते'. शब्द तेच, केवळ क्रम बदलला. मराठीत हा भेद 'घेणे' या क्रियापदाने होतो, इंग्रजीत शब्दांच्या स्थानाने. 'ही हॅड हिज पॉकेट पिक्ट' या वाक्यात मात्र तीच रचना इच्छेविरुद्ध घडलेली गोष्ट सांगते : 'त्याचा खिसा कापला गेला'. येथे संदर्भच निर्णायक ठरतो.

निष्कर्ष

1) 'हॅव' या क्रियापदास मराठीत एकच प्रतिशब्द नाही, म्हणून 'जवळ असणे' हे एकमेव समीकरण शिकविणे टाळावे.

2) मराठीतील 'मला, माझ्याकडे, माझे, माझ्यात' या रचना विद्यार्थ्यास आधीपासून अवगत असतात. अध्यापनाचा आरंभ त्यांच्यापासून केल्यास मातृभाषा अडथळा न राहता साधन बनते.

3) स्थिती, कृती, काळ, बंधन व करवून घेणे हे उपयोग स्वतंत्रपणे आणि वाक्यांच्या जोड्यांतून शिकवावेत.

4) विद्यार्थ्याची चूक लाल शाईने खोडण्यापूर्वी ती कोणत्या मराठी वाक्यातून आली, हे शिक्षकाने शोधावे. चुकीमागील नियम सापडला की ती सुधारणे सुलभ होते, आणि विद्यार्थ्याच्या मनातील स्वतःच्या भाषेविषयीचा न्यूनगंडही कमी होतो. ग्रामीण भागातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने या दुसऱ्या लाभाचे मोल अधिक आहे.