तपकिरी वनपतंगाची ओळख : ‘हायब्लिया प्युएरा’च्या निमित्ताने

प्रस्तावना : फणसाड अभयारण्यासारख्या रायगडच्या किनारी जंगलात दिव्याकडे येणाऱ्या लहान तपकिरी पतंगांची नोंद बहुधा ‘अनोळखी’ अशीच होते. केवळ रंगावरून त्यांची ओळख का पटत नाही, हे प्रस्तुत लेखात हायब्लिया प्युएरा या पतंगाच्या आधारे मांडले आहे. क्रामर यांनी १७७७ मध्ये या जातीचे वर्णन केले.

ओळख : बसलेल्या पतंगाचे करडे-तपकिरी पुढचे पंखच दिसतात, ते वाळक्या पानासारखे भासतात. ओळखीची खूण मागच्या, झाकलेल्या पंखांवर असते : काळपट पार्श्वभूमीवर नारिंगी-पिवळे पट्टे. पंखविस्तार सुमारे ३ ते ४ सेंमी असतो. मात्र याच प्रजातीतील इतर जातींतही असे रंग आढळतात. म्हणून शंका असल्यास जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आवश्यक ठरते.

महत्त्व : या पतंगाची अळी सागाची पाने फस्त करते. झाड सहसा मरत नाही, वाढ मात्र खुंटते. मुंबईच्या खाड्यांतील तिवरांवरही हीच जाती नोंदली गेली आहे. डोंगरावरील साग आणि खाडीतील तिवर यांचा हा संबंध अचूक नावाशिवाय ध्यानात येणार नाही.

निष्कर्ष : नमुन्याचे पंख पसरून ठेवावेत, दिनांक, ठिकाण व अळीचे खाद्यझाड नोंदवावे. खात्री नसल्यास प्रजातीपर्यंतच नाव द्यावे. अपुरी नोंद पुढे पूर्ण करता येते. चुकीचे नाव मात्र एका यादीतून दुसरीत उतरत राहते.