सणाचं ताट सगळ्यांचं : अश्विनातला घरचा आहार

धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या आठवड्यात वस्तीत रक्ततपासणीला गेलो की आम्ही बायांना एक प्रश्न हमखास विचारतो, "ताई, सणाला काय खाल्लं?" उत्तर बहुतेक वेळा सारखंच येतं. "पुऱ्या केल्या, खीर केली, भजी केली." मग आम्ही पुन्हा विचारतो, "ते केलं. तुम्ही काय खाल्लं?" त्यावर ताई हसतात आणि म्हणतात, "उरलं होतं ना थोडं."

या उत्तरासाठीच यावेळचं आरोग्य पान आहे. अश्विनात घरी काय शिजवावं हे सांगायचंच आहे, पण ते घरातल्या कोणाच्या ताटात किती पडतं, हेही सांगायचं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तातलं हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी, गरोदरपणात ११ पेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. जिना चढताना धाप लागणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, सतत थकवा वाटणं याला आपल्या बाया "कामानं होतं" म्हणतात. पुष्कळदा ते कामानं नसतं, रक्त कमी असल्यानं असतं.

अश्विन काय देतो?

पाऊस ओसरलेला असतो. सकाळी गारवा, दुपारी ऑक्टोबरचं कडक ऊन. शेतातून नवा मूग आणि उडीद घरात आलेला असतो, भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणि नवे तीळ बाजारात येतात. अंबाडीच्या जुड्या मिळतात. लाल भोपळा, ज्याला विदर्भात आपण कोहळं म्हणतो, तो तर भरपूर. तळ्यांच्या भागात शिंगाडे निघतात, आणि गाडीवर सीताफळं दिसू लागतात.

यातलं बरंचसं आपल्या आजीच्या चुलीवरचं अन्न आहे. अंबाडी, कण्या, जवसाची चटणी, भाकरी. हे गरिबाचं खाणं म्हणून हिणवलं गेलं. म्हणून आपणही सणाला ते लपवू लागलो आणि पाहुण्यांपुढे मैद्याच्या पुऱ्या नि दुकानातली मिठाई ठेवू लागलो. लाज वाटावी असं त्या अन्नात काहीच नाही. अंबाडीत लोह आणि चुना आहे, मुगात प्रथिनं आहेत, तिळात चुना आणि लोह आहे, कोहळ्यात डोळ्यांसाठी लागणारं जीवनसत्त्व अ तयार करणारा घटक आहे. मिठाईत साखर आणि तूप-तेल सोडून फारसं काही नसतं, आणि खर्च मात्र जास्त.

सणाच्या ताटातले तीन पदार्थ

पाच माणसांच्या घराला पुरेल असं प्रमाण देतो.

अंबाडीची भाजी : एक मोठी जुडी निवडून, धुऊन, चिरून पाण्यात उकळा. फार आंबट वाटली तर ते पाणी थोडं काढून टाका. अर्धी वाटी तुरीची डाळ, पाव वाटी ज्वारीच्या कण्या आणि पाव वाटी शेंगदाणे एकत्र शिजवून घ्या. त्यात अंबाडी घालून घोटा. मीठ, हळद आणि सुपारीएवढा गूळ घाला. दोन चमचे तेलात दहा-बारा लसूण पाकळ्या आणि लाल मिरच्या लाल करून वरून फोडणी द्या. लोखंडी कढईत केली तर लोह थोडं अधिक मिळतं, पण झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर भाजी काळी पडते.

मोडाच्या मुगाची उसळ : मूग रात्री भिजवा, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणा. कांदा-लसणाच्या फोडणीत वाफवा. ताटात वाढताना प्रत्येकाच्या उसळीवर लिंबू पिळा. लिंबातल्या जीवनसत्त्व क मुळे अन्नातलं लोह शरीर चांगलं घेतं. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा याच्या उलट करतो, म्हणून जेवण आणि चहा यांत एक तास अंतर ठेवा. एवढीच एक सवय बदलली तरी फायदा आहे.

गुळाची खीर : अर्धी वाटी तांदूळ धुऊन थोडे भरड करा, एक लिटर दुधात मंद आचेवर मऊ शिजवा. खीर खाली उतरवून कोमट झाल्यावर अर्धी ते पाऊण वाटी किसलेला गूळ घाला. उकळत्या दुधात गूळ घातला तर दूध फाटतं. अश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होते. त्या दिवशी विहारात खीरदान असेल तर ती याच पद्धतीनं करता येईल.

सोबत ज्वारीची भाकरी आणि जवसाची किंवा तिळाची चटणी. ज्यांच्या घरी अंडी-मासे चालतात, त्यांनी एक उकडलेलं अंडं किंवा सुकट जोडावी. लोह आणि प्रथिनं दोन्ही मिळतात.

घरात मधुमेह असेल तर

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत या आजारानं शरीर थकलेलं असतानाही त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्याला धम्माची दीक्षा दिली. आज आपल्या वस्तीत मधुमेहाचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि सणाच्या दिवशी त्यांची साखर वर जाते. "गुळाचं आहे, चालतं" असं म्हणू नका. गुळानंही साखर वाढते. मधुमेह असणाऱ्यानं खीर उपाशीपोटी घेऊ नये. आधी भाजी, उसळ, भाकरी आणि शेवटी दोन-तीन चमचे खीर, आणि त्या दिवशी भात सोडावा. गोळी किंवा इन्सुलिन सणाच्या दिवशीही चुकवू नये. फार वेळ उपाशी राहणंही धोक्याचं आहे.

दीक्षाभूमीला जाताना शिदोरी

नागपूरला जाणारे हजारो बांधव-भगिनी घरून डबा घेतात. दिवसभर उन्हात बंद डब्यात राहिलेला भात, बटाट्याची ओली भाजी, ओल्या नारळाची चटणी यांनी पोट बिघडतं. त्याऐवजी कोहळ्याच्या दशम्या करा. दोन वाट्या किसलेलं कोहळं पाणी न घालता शिजवा, त्यात पाऊण वाटी गूळ विरघळवा, गार झाल्यावर चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढी कणीक घालून मळा, लाटून तव्यावर थोड्या तेलात भाजा. पूर्ण गार करून फडक्यात गुंडाळल्या तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतात. सोबत कोरडी तिळाची चटणी, फुटाणे, शेंगदाणे आणि लिंबं घ्या.

पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी आणि घरून उकळून भरलेली असावी. जुलाब सुरू झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजा. मूल मलूल झालं, लघवी होईना किंवा शौचातून रक्त पडलं तर थांबू नका, जवळच्या वैद्यकीय कक्षात न्या.

भोजनदान करणाऱ्या मंडळांनाही विनंती : अन्न गरम असतानाच वाढा, वाढणाऱ्यांनी साबणानं हात धुवावेत, पाण्याच्या पिंपाला झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं ठेवावं.

सिकलसेलबद्दल एक सूचना

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक आढळतात. अशा रुग्णानं उन्हात तहानलेलं राहू नये. अंगातलं पाणी कमी झालं की वेदना उसळतात. आणि सिकलसेलमुळे रक्त कमी असेल तर लोहाची गोळी आपल्या मनानं सुरू करू नये. आधी तपासणी, मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध. गरोदर भगिनींनी मात्र आरोग्य केंद्रातून मिळणारी लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस घ्यायची असते. ती "उष्ण पडते" म्हणून फेकू नका. पोट दुखलं तर जेवणानंतर घ्या. सिकलसेल आहे असं माहीत असेल तर पहिल्याच भेटीत सिस्टरला सांगा.

शेवटी वाढणीबद्दल

जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित वर्गातल्या स्त्रियांची परिषद भरली होती. समाज किती पुढे गेला हे आपण त्यातल्या स्त्रिया किती पुढे गेल्या यावरून मोजतो, असं बाबासाहेबांनी तिथे सांगितलं. आम्ही आरोग्याचं काम करणाऱ्या बाया त्याच मापानं सणाचं ताट मोजतो.

म्हणून यंदा एवढं करा. पहिल्या पंगतीला पुरुष आणि मुलं, दुसऱ्या पंगतीला बाया, असं नको. भाकऱ्या आधी करून फडक्यात ठेवा, भाजी-उसळ मधोमध मांडा आणि घरातले सगळे एकाच वेळी बसा. वाढायचं काम मोठ्या मुलानं, नवऱ्यानं करावं. भाजीतला घट्ट भाग तळाशी असतो. शेवटी बसणाऱ्याला पातळ रस्सा येतो, म्हणून प्रत्येक वाढणीला भाजी ढवळा. सुनेच्या आणि लेकीच्या ताटात लिंबाची फोड आहे का, उसळ आहे का, हे आजीनं पाहावं. आजीच्या ताटात मऊ कुस्करलेली भाकरी आहे का, हे नातवानं पाहावं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा वस्तीत येऊ आणि तोच प्रश्न विचारू. तेव्हा "उरलं होतं थोडं" याऐवजी ताईंनी आपण काय जेवलो ते सांगावं, एवढीच आमची इच्छा आहे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंगल कामना. जय भीम! नमो बुद्धाय!