मालवण, मार्गशीर्ष वद्य षष्ठी

पहाटे ५.१५

गाडी धुवायची ती गोड्या पाण्याने, आणि वरून धुण्याआधी खालून. समुद्राकाठी गाडी चालवणाऱ्याचा हा पहिला धडा. आदल्या दिवशीची खारट वाळू चाकांच्या वर, दरवाजांच्या फटीत बसलेली असते. ती राहिली तर दोन पावसाळ्यांत पत्र्याची चाळण होते. पाहुणे चकाकणारं बॉनेट बघतात, मी पाइप घेऊन गाडीखाली आडवा झालेला असतो.

आजचे पाहुणे पुण्याचे. नवरा-बायको, दोन कॉलेजातली मुलं आणि नवऱ्याची आई. रात्रीच त्यांची यादी मोबाइलवर आली आहे : तारकर्ली, देवबाग, चिवला, तोंडवळी, आचरा, भोगवे, निवती. मध्ये स्कूबा, किल्ला आणि ‘जमल्यास डॉल्फिन’. नकाशावर सगळे किनारे एका ओळीत दिसतात, म्हणून लोकांना वाटतं की बसचे थांबे असावेत तसे ते एकामागून एक घेता येतील. प्रत्येक दोन किनाऱ्यांच्या मधे मात्र एखादी खाडी नाहीतर डोंगराची सोंड असते, आणि रस्त्याला तिला वळसा घालून जावं लागतं. मी यादीतून चार नावं काढतो. सकाळी ते नाराज होतील, दुपारपर्यंत विसरतील.

५.४५

चहा, आणि भिंतीवरचं ‘कालनिर्णय’. जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे. 1973 साली त्यांनी हे पंचांग घराघरातल्या भिंतीवर आणलं, त्याचा आमच्या धंद्याला झालेला उपयोग त्यांच्याही मनात नसेल. मी तारीख सोडून तिथी बघतो. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. षष्ठी : सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. ही मुंबईची भरती. मालवणला ती पाऊण-एक तास आधी येते, म्हणजे पावणेचारच्या आसपास. त्याच्या सहा तास मागे सुकती, म्हणजे सकाळी पावणेदहाला. मोबाइलवर मिनिटासकट कोष्टक मिळतं, मी तेही बघतो. पण आकडा आधी डोक्यात आला की दिवस हातात येतो.

आता मांडणी आपोआप होते. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वारा असतो, पाणी तेलासारखं सपाट, स्कूबा तेव्हाच. अकरानंतर खारा वारा सुटतो आणि पाणी उसळायला लागतं. संगमावरची वाळू दहाच्या सुमारास उघडी पडेल. किल्ला दुपारी चालतो, भिंतींना वाऱ्याचं काही नाही. भोगवे सूर्यास्ताला. कुठला किनारा, हे पाहुण्यांनी ठरवावं. किती वाजता, हे त्यांनी माझ्यावर सोडावं, एवढीच माझी अट असते.

६.४५

तारकर्लीच्या वाळूवर अजून थंडी आहे. पश्चिमेला अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र, आणि खाली रांपण ओढायला घेतलेली.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी : होडी किनाऱ्यावरून जाळं सोडत आत जाते, मोठा अर्धगोल घेऊन पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांचे दोर घेऊन दोन रांगा वाळूत पाय रोवून मागे सरकत राहतात. जसजसं जाळं जवळ येतं तसतशा रांगाही एकमेकींकडे सरकतात. पन्नासेक माणसं, त्यात बायका, म्हातारे, शाळेची वेळ व्हायची असलेली पोरं. इंजिन नाही, खोल पाण्यात जाणं नाही. मासा स्वतःच्या पायांनी किनाऱ्याजवळ यावा लागतो, हीच या मासेमारीची अडचण. बाहेर पर्ससीनच्या बोटी अख्खे थवे उचलतात, रात्री एलईडीचे दिवे लावून ओढतात, आणि किनाऱ्याजवळ येण्यासाठी उरतं ते थोडंच. पर्ससीनवर 2016 मध्ये राज्य सरकारने निर्बंध घातले, प्रकाशझोतातल्या मासेमारीवर बंदी आली. तरी इथले रांपणकार आणि यांत्रिक बोटीवाले यांच्यातली भांडणं मिटलेली नाहीत. पाहुण्यांना हे सगळं सांगावं की नाही, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. आता सांगतो. ज्या वाळूवर ते टॉवेल पसरणार असतात ती कुणाचं तरी अंगण आणि कारखाना आहे.

“पावणे आसत काय?” दोर ओढता ओढता एका काकीने मला विचारलं.

“होय, पुण्याचे.”

“मगे हात लावा म्हणा. बघीत काय रवलेत?”

पोरगा आणि पोरगी धावले. पाच मिनिटांत तळहात लाल. जाळं आलं तेव्हा त्यात बहुतेक तारली आणि पेडवे, थोडे बांगडे, एक-दोन कुर्ल्या. काकी बांगड्यांकडे बघून काहीच बोलली नाही, म्हणजे बरं गावलं असावं. फार वाईट असतं तेव्हा ती बोलते. वाट्यांचा हिशोब तिथेच वाळूवर झाला. मुलांच्या हातावर कुणीतरी दोन बांगडे ठेवले. ते कुठे ठेवायचे हे त्यांना कळेना. माझ्या डिकीत थर्माकोलचा डबा असतोच.

८.१५

दांडीचा किनारा. मुलं स्कूबाला गेली. फॉर्मवर दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं विचारतात, तिथे खरं लिहा एवढंच मी सांगतो. तोंडाने श्वास घ्यायला शिकवणारा मुलगा गावातलाच. त्याचा आजा रांपणीचा होता, बाप होडीवर; हा पाण्याखाली गेला. पर्यटनाने काय केलं असं कुणी विचारलं तर मी या घराकडे बोट दाखवतो, आणि दोन्ही बाजूंनी.

बाकीच्यांना घेऊन मोरयाच्या धोंड्याकडे. किनाऱ्यावरचा हा खडक, त्यावर गणपती, शिवलिंग, चंद्र-सूर्य कोरलेले. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये इथे केली असं मानतात. फलक चुकवून पुढे जाणारे रोज दिसतात, कारण खडक लहान आहे आणि समोर पाण्यात किल्ला फार मोठा.

साहेबांना पद्मगडावर चालत जायचं होतं. किल्ला आणि किनारा यांच्यामधलं हे छोटं बेट. मोठ्या सुकतीला दांडीवरून वाळूची वाट उघडते. व्हिडिओत त्यांनी ती पाहिली होती. मी नाही म्हटलं. व्हिडिओ अमावास्येचा किंवा पौर्णिमेचा असणार. षष्ठीला उधाण ओसरलेलं असतं, पाणी तेवढं मागे हटत नाही. वाट अर्धी उघडते, आणि अर्धी वाट ही बंद वाटेपेक्षा वाईट. त्यांनी थोडा वाद घातला. 2017 च्या एप्रिलमध्ये इथून जवळच, वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले, हे मी सांगितलं. मग वाद संपला. ही गोष्ट मी सहसा काढत नाही.

१०.०५

देवबाग. जमिनीची चिंचोळी जीभ, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. पावसाळ्यात समुद्र माडांची मुळं धुऊन नेतो म्हणून दगडांचे बंधारे घातले आहेत. संगमावर वाळूचं बेट पाण्याबाहेर आलेलं. त्याला ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. 2004 च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं सांगितलं जातं. आता त्यावर बनाना राइड, जेट स्की, भजी आणि चहा. दोन तासांनी त्याच जागेवर कमरेएवढं पाणी असतं. इथून भोगव्याचा किनारा समोर दिसतो, होडीने काही मिनिटांचा. “मग संध्याकाळी गाडीने का जायचं?” वहिनींचा प्रश्न बरोबर होता. कारण आजींना होडीत चढ-उतार दोनदा नको, आणि संध्याकाळी संगमावर वारा. रस्त्याने तासभर. नदीला विचारून पूल बांधत नाहीत.

दुपारी १२.१०

मालवण जेटी. किल्ल्याच्या होडीची रांग. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, त्यामुळे हंगामात इथे गर्दी तुंबते.

सिंधुदुर्गावर मी आत जात नाही असं फार कमी वेळा होतं. पायाच्या दगडांत शिसं ओतलं, तीन वर्षांत काम उरकलं, असं गाईड सांगतील, ते ऐकावंच. पण मला तिथे आवडतो तो दरवाजा. होडीतून जाताना तटाला दार आहे असं वाटतच नाही, बुरूज एकमेकांना कवेत घेतात आणि वाट शेवटच्या क्षणी दिसते. तोफ लावायला समोरून जागा नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. मूर्तीला दाढी नाही, डोक्यावर नावाड्याच्या टोपीसारखी टोपी. घोड्यावरचे महाराज बघायची सवय झालेले पाहुणे क्षणभर गोंधळतात. मला तरी ते रूप या जागेला शोभतं. आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव : चारी बाजूंनी खारट पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. आजींनी पोहऱ्यातलं पाणी चाखलं आणि “गोडच आहे हो” असं म्हणाल्या, जणू मी आजवर खोटं सांगत होतो.

2025 च्या जुलैमध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली जे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले त्यांत सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही. म्हणजे कोकणच्या समुद्रावरचे चार या एका किनारपट्टीवर. किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात. त्यांच्या अंगणातून वाट काढत फोटो घेणाऱ्यांना त्याची जाणीव नसते. मी आवाज खाली ठेवायला सांगतो.

२.१५

जेवण. सकाळचे दोन बांगडे खानावळीच्या मावशीने तिरफळ घालून करून दिले. सोलकढी. पाहुणे गप्प, हे चांगलं लक्षण. मी गाडीत पाऊण तास झोपतो.

४.१५

चौके, धामापूर, नेरूरपारचा पूल. धामापूरचा तलाव 1530 मधला, काठावर भगवतीचं देऊळ. दहा मिनिटं थांबलो. गाडीतल्या मंडळींना दिवसभराच्या खाऱ्या पाण्यानंतर ही हिरवी सावली फार आवडली. “हे यादीत का नव्हतं?” साहेब म्हणाले. यादी त्यांची होती, पण मी काही बोललो नाही.

५.४०

भोगव्याच्या वरच्या डोंगरावर गाडी थांबवली. भरती उतरायला लागली होती, खाली किनारा मोकळा, सुरूची झाडं, आणि पलीकडे देवबागचं टोक, जिथे सकाळी उभे होतो. पोरांनी आता आपणहून दाखवायला सुरुवात केली : ती नदी, ते बेट, ते बघ आता दिसतच नाही. सूर्यास्त सव्वासहाच्या आत आटपला. त्याच्याबद्दल सगळ्यांनी मोबाइलमध्ये पुरेसं नोंदवून ठेवलं आहे.

रात्री ९.३०

परतीच्या वाटेवर कुडाळ तालुक्यातल्या एका गावची जत्रा. यादीत नव्हती, मीच विचारलं, अर्धा तास थांबू या का? देवळाबाहेर खाजाचे ढीग, ओटीचं सामान, माळांचे दिवे. आत पालखी फिरली, ओट्या भरून झाल्या, आणि साडेअकराच्या पुढे सभामंडपात बाकडं ठेवून दशावतार सुरू झाला. लिहिलेलं नाटक नाही, मागे पडदे नाहीत. पेटी, मृदंग, झांज, आणि घरून ट्रंकेत आणलेले कपडे. नट रंग स्वतःच लावतात, संवाद उभ्याउभ्या जुळवतात. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग काळ्या कपड्यांतला संकासुर, ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा. त्याची मुख्य करमणूक प्रेक्षकांना छेडणं.

त्याने नेमकी आमची रांग हेरली. “खयसून इलात ओ आजी?”

“पुण्याहून,” आजी खणखणीत म्हणाल्या.

“पुण्यासून? मगे दुपारी निजलात काय नाय?”

मंडप हसला. आजींनी पदर सावरला आणि त्याला उलट विचारलं, “तू वेद चोरलेस, वाचलेस तरी का एखादा?” संकासुर दोन क्षण गप्प. मृदंगवाल्याने थाप मारून त्याला सावरून घेतलं.

१.२०

मूळ आख्यान आता कुठे रंगात आलं आहे. मुलं बापाच्या खांद्यावर झोपली आहेत. साहेब डोळ्यांनी विचारतात, निघू या का? मी आजींकडे बघतो. त्या मांडी घालून पुढच्या रांगेत सरकल्या आहेत, शेजारणीकडून खाजाचा पुडा घेऊन. “अजून भीम यायचाय म्हणे,” त्या मागे न बघता म्हणाल्या, “तुम्हाला झोप आली असेल तर गाडीत जा.”