मानवशास्त्राचा व्यवहारात उपयोग

शास्त्रीय विषयावरचे व्याख्यान संपले की श्रोत्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतो, "हे सगळे ठीक, पण ह्याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. स्थापत्य शिकलेला मनुष्य पूल बांधतो, वैद्यक शिकलेला रोग बरा करतो, वाणिज्य शिकलेला हिशेब ठेवतो. मानवशास्त्र शिकलेला काय करतो? कुठल्यातरी डोंगरातल्या लोकांच्या लग्नाच्या चाली टिपतो नाहीतर जुन्या कवट्या मोजतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मुलाने किंवा मुलीने हा विषय घ्यायचे म्हटले की घरातली वडीलधारी माणसे काळजीत पडतात. ही काळजी आम्ही खोटी मानत नाही. पोटापाण्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. परंतु ह्या अभ्यासाने अंगी एक कसब येते, आणि त्या कसबाच्या अभावी प्रसंगी माणसे प्राणास मुकतात, इतके ते व्यवहाराचे आहे. हेच येथे उदाहरणांनी सांगण्याचा आमचा विचार आहे.

मानवशास्त्र म्हणजे माणसाचा सर्वांगाने अभ्यास. त्याचे शरीर, त्याची उत्क्रांती, त्याची भाषा, जमिनीखाली सापडणारे त्याचे अवशेष आणि त्याच्या चालीरीती हे सारे त्यात येते. ह्यांपैकी चालीरीतींचा अभ्यास कसा करावा, ह्याला नवे वळण लावणाऱ्यांत ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की ह्यांचे नाव अग्रभागी आहे. पोलंडमध्ये जन्मलेल्या ह्या गृहस्थांनी १९१५ ते १९१८ ह्या काळात, दोन खेपांत मिळून सुमारे दोन वर्षे, न्यू गिनीच्या पूर्वेकडील ट्रोब्रिअंड बेटांवर मुक्काम केला. गावातच तंबू ठोकला, लोकांची भाषा शिकली आणि रोजचे जीवन डोळ्यांनी पाहिले.

तेथे त्यांना 'कुला' नावाचा एक विलक्षण व्यवहार आढळला. लाल शिंपल्यांचे हार बेटाबेटांतून एका दिशेने फिरतात आणि शंखांची पांढरी कंकणे उलट दिशेने. हे जिन्नस मिळवण्यासाठी माणसे होड्यांतून धोक्याचा समुद्र ओलांडून जात, आणि मिळालेली वस्तू काही काळाने पुढे देऊन टाकत. एखादा व्यापारी म्हणेल, हा शुद्ध वेडेपणा. परंतु ह्या देवघेवीने दूरच्या बेटांतील माणसांची आयुष्यभराची मैत्री जुळते, मान मिळतो, आणि त्याच सफरीत उपयोगाच्या मालाची अदलाबदलही उरकते, हे मॅलिनोव्स्कींनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. आपल्याकडील आहेराचा विचार करा. एका लग्नात आलेला खण दुसऱ्या लग्नात जातो, तेथून तिसऱ्या. कापडाच्या हिशेबाने पाहिले तर ह्यात कोणाचाच फायदा नाही. नात्याच्या हिशेबाने पाहिले तर तो आहेर चुकला की दहा वर्षे बोलणे बंद होते. परक्याची चाल वेडगळ वाटली तर निकाल देण्यापूर्वी थांबावे आणि तिच्या पोटात कोणता हिशेब आहे ते शोधावे, हा ह्या अभ्यासाचा पहिला धडा.

दुसरा धडा शब्दांचा. इंग्रजीतील 'आंट' ह्या एका शब्दासाठी आपल्याकडे आत्या, मावशी, काकू आणि मामी असे चार शब्द आहेत. हा केवळ शब्दसंपत्तीचा थाट नव्हे. महाराष्ट्रातील पुष्कळ जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. उत्तरेकडील हिंदू समाजात बहुतेक ठिकाणी ती बहीणच मानली जाते. नात्याच्या शब्दामागे असा लग्नाचा, वारशाचा, मानपानाचा नियम उभा असतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील इरावती कर्वे ह्यांनी भारतभरच्या ह्या नात्यांची मांडणी १९५३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केली.

आता शब्दाचा अर्थ गृहीत धरल्याने काय होते ते पाहा. न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फोरे नावाचे लोक राहतात. विसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यात 'कुरू' नावाच्या रोगाने थैमान घातले होते. अंगाला कंप सुटे, तोल जाई आणि रोगी दगावे. बळी बहुतेक स्त्रिया आणि मुले. रोग कुटुंबाकुटुंबांतून चाललेला दिसल्यावरून तो आनुवंशिक असावा, असा डॉक्टरांचा तर्क होता. १९६१ पासून रॉबर्ट ग्लास आणि शर्ली लिंडेनबाउम हे मानवशास्त्रज्ञ जोडपे तेथे जाऊन राहिले. नातेवाईक म्हणून सांगितलेली पुष्कळ माणसे रक्ताच्या नात्याची नव्हतीच, असे त्यांना आढळले. फोरे लोक नाते पुष्कळ सैलपणे जोडत. शिवाय हा रोग आपल्या आठवणीतच आला, असे वृद्ध माणसे सांगत. आनुवंशिक रोग असा एकाएकी पसरत नाही. मग उत्तर कोठे होते? मृत आप्ताचे मांस शोकविधी म्हणून खाण्याची चाल तेथे होती आणि ती मुख्यतः स्त्रिया पाळत. मुलांनाही वाटा मिळे. पुढे १९६६ साली प्रयोगशाळेत हा रोग चिंपांझीला देता येतो हे सिद्ध झाले. ती चाल बंद पडल्यानंतर जन्मलेल्या मुलांत कुरू दिसला नाही. सूक्ष्मदर्शकाने जे दिसले नव्हते, त्याची वाट "तुमचे हे नाते म्हणजे नेमके कोणते?" ह्या साध्या प्रश्नाने दाखवली.

तिसरे उदाहरण अलीकडचे. २०१४ ते २०१६ ह्या काळात पश्चिम आफ्रिकेतील गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया ह्या देशांत इबोलाची साथ आली आणि ११,००० हून अधिक माणसे दगावली. ह्या रोगात प्रेतापासूनही संसर्ग होतो. तेव्हा आरोग्यपथके यायची आणि प्रेत पिशवीत घालून घेऊन जायची. शास्त्रदृष्ट्या ह्यात काहीच गैर नव्हते. पण ज्यांच्या आईला अंघोळ न घालता, प्रार्थना न म्हणता नेले, त्या माणसांनी पुढचा आजारी दडवून ठेवला आणि रात्री गुपचूप पुरला. साथ आणखी वाढली.

गिनीतील एका गावात एक गर्भवती दगावली. गर्भासह तिला पुरले तर गावावर अरिष्ट येईल, असे तिच्या किसी जमातीचे लोक म्हणत; गर्भ काढणे डॉक्टरांना धोक्याचे होते. जागतिक आरोग्य संघटनेबरोबर काम करणाऱ्या ज्युलिएन आनोको ह्या मानवशास्त्रज्ञ बाईंनी वाद घातला नाही. अशा प्रसंगी दोष निवारण करणारा काही विधी आहे काय, असे त्यांनी विचारले. तसा विधी होता आणि तो जाणणारा वृद्धही सापडला. साहित्याचा खर्च संघटनेने उचलला, विधी झाला आणि त्या स्त्रीचे दफन कोणालाही संसर्ग न होता पार पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघटनेने दफनाचे नवे नियम काढले. त्यांत कुटुंबीयांना आणि धर्मगुरूंना सामील करून घेण्यावर भर होता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. आनोकोबाईंनी प्रेताला हात लावण्याची मोकळीक दिली नाही. जी गोष्ट सोडता येत नाही ती कोणती आणि जिला पर्याय आहे ती कोणती, एवढे त्यांनी वेगळे केले.

आणखी एक कसब असे की, पुराव्याशी प्रामाणिक राहावे. मग समोर कोणीही असो. इरावतीबाई विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे पुरस्कर्ते. गोऱ्या माणसाच्या कवटीची घडण त्याचे श्रेष्ठत्व दाखवते काय, हे कवट्या मोजून पाहण्याचे काम बाईंकडे आले. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी आपल्या प्रबंधात नोंदवला. त्याच जर्मनीत पुढे वंशाच्या नावाखाली काय घडले, हे आपण जाणतोच. शास्त्राचा गैरवापर होऊ शकतो. त्यावर उतारा म्हणजे मोजमाप सरळ मांडण्याचे धैर्य.

आता हे आपल्या गावात आणू. खानेसुमारीचा कारकून विचारतो, "घरात माणसे किती?" चूल एक असेल ते घर, की छप्पर एक असेल ते? मुंबईला नोकरीस असलेला मुलगा धरायचा की नाही? परिचारिका विचारते, "औषध घेतले का?" रोगी मानेने होकार देतो, कारण मोठ्या माणसाला नाही म्हणू नये अशी त्याची रीत आहे. शिक्षकाला वाटते मुलगा आळशी आहे. चौकशी केली तर पहाटे तो घरची गुरे सांभाळून आलेला असतो. माणसे सांगतात एक आणि करतात दुसरे. त्यात लबाडी थोडी आणि रीतीभाती पुष्कळ असते. हे ओळखणारा कारकून, परिचारिका, शिक्षक, दुकानदार आपल्या कामात सरस ठरणारच.

आणि घरात? सासरी आलेली नवी सून ही प्रत्येक घरातली मानवशास्त्रज्ञच म्हणायची. पाट कोणी कोठे मांडायचा, कोणापुढे काय बोलायचे नाही, हे सारे ती न विचारता टिपत असते. घरच्यांना ते दिसतही नाही, इतके ते त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. तिने एखाद्या दिवशी "असे का?" म्हणून विचारले तर तो उद्धटपणा समजू नये. उत्तर शोधायला बसावे. बहुधा त्या चालीमागचे कारण आपल्यालाही माहीत नसते आणि ते शोधता शोधता चाल ठेवायची की सोडायची, हे शांतपणे ठरवता येते.