हुबळीत मालक झालेला सतरा वर्षांचा पोरगा

मागच्या भागात आपण ब्रॉडवेच्या फ्लोरेन्झ झिगफेल्डबद्दल बोललो. 1907 साली त्याने ‘फॉलीज’ सुरू केले. नाच, गाणी, विनोदी प्रवेश आणि डोळे दिपवणारा थाट, असा तो खेळ. आज मात्र आपल्या घरचा निर्माता.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री मी इथे इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या घरी मोबाईलवर कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना बघत होतो. तिथल्या लाकडी खुर्चीत बसून मी आयुष्यातलं पहिलं नाटक पाहिलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीतल्या एका मराठी इंजिनिअर मुलाला हे सांगितलं. त्याने विचारलं, "काका, हे भोसले म्हणजे सरदार का?" त्याचा काय दोष? आपणच सांगितलं नाही.

तर ऐका. केशवरावांचा जन्म कोल्हापूरचा, 9 ऑगस्ट 1890. म्हणजे आग लागली ती त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. लहानपणीच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत शिरले आणि ‘शारदा’तल्या शारदेच्या भूमिकेने गाजले. 1 जानेवारी 1908 ला त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली, तीही पुण्या-मुंबईत नव्हे, हुबळीत! आपल्याच कर्नाटकात. वय सतरा.

त्या काळी निर्माता हा शब्द नव्हता. मालक म्हणत. मी फौजेत माणसं, सामान आणि रेशन घेऊन मुक्काम हलवलेत, म्हणून मला त्या कामाचं वजन कळतं. नट, साजिंदे, आचारी, पडदे, ट्रंका घेऊन गावोगाव जायचं, पाऊस लागला आणि खेळ पडला तरी सगळ्यांच्या जेवणाची सोय बघायची. वर रात्री स्वतः उभं राहून गायचं. झिगफेल्डला निदान गावं बदलत गाणं म्हणावं लागत नव्हतं.

थाट केशवरावांनाही आवडायचा. पण मामा वरेरकरांचं ‘हाच मुलाचा बाप’ त्यांनी रंगभूमीवर आणलं, ते हुंड्यावरचं नाटक. गाण्याला गर्दी करणाऱ्या प्रेक्षकांपुढे त्यांच्याच घरातली लाज मांडायची, यात गल्ल्याचा धोका होता. मालकाची पारख मला इथे दिसते.

आणि मग 8 जुलै 1921. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये ‘संयुक्त मानापमान’ झालं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. प्रेक्षकांत दोघांचे कट्टर पक्ष होते, कोण कोणावर मात करतो ते बघायला आलेले. मालक म्हणून विचार करा: आपलं नाव पणाला लावायचं, आणि कमाई फंडाला. मला तर ते लढाईआधीच्या रात्रीसारखं वाटतं.

त्यानंतर तीन महिनेही गेले नाहीत. 4 ऑक्टोबर 1921 ला विषमज्वराने केशवराव गेले. वय फक्त एकतीस.

कंपनी मात्र मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी. कोल्हापूरचं ते नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलं होतं, ‘पॅलेस थिएटर’ या नावाने. केशवरावांचं नाव त्याला 1957 साली लागलं.

त्या मुलाला मी हा भाग पाठवणार आहे. त्याची सासुरवाडी हुबळीची आहे.