लॅपटॉपवरचे पन्नास घोडे

शनिवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही काय करता? झोपलेले असता, बरोबर? मीही झोपलेच होते. तेवढ्यात मित्राचा फोन. ‘उठ लवकर, गाडीत पन्नास घोडे वाढवायला जायचंय!’

घोडे म्हणजे अर्थातच हॉर्सपॉवर. आणि गाडी म्हणजे त्याची जान, 2016 ची सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया, 1.8 टीएसआय, ऑटोमॅटिक. बाहेरून एकदम सभ्य. सोसायटीतल्या काकांना वाटतं, मुलगा सेटल झाला. 590 लिटरच्या डिकीत अख्ख्या कुटुंबाच्या बॅगा मावतात. पण बॉनेटखाली 180 पीएसचं टर्बो पेट्रोल इंजिन! दर शुक्रवारी पुणे-मुंबई करणाऱ्याला आणखी काय हवं? या प्रश्नाचं उत्तर गाडीवेड्या मुलांकडे कायम तयार असतं. आणखी थोडं.

ऑक्टाव्हियाच्या बाबतीत हे ‘आणखी थोडं’ तसं जुनंच दुखणं आहे. 2004 मध्ये ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली ती 150 पीएसची. युरोपातल्या आरएसला तेव्हा 180 होते. म्हणजे आपल्याला मिळते ती ताकद दाबून ठेवलेली, ही शंका तेव्हापासून कार-शौकिनांच्या डोक्यात बसली ती बसलीच. लॅपटॉपवाले ट्यूनर नेमकी हीच शंका विकतात.

भोसरीकडच्या त्या गॅरेजात शिरलो तर ना ग्रीस, ना हातोड्याचा आवाज. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक वायर, वायरच्या टोकाला लॅपटॉप. ट्यूनर बोलत होता फक्त मित्राशी. गाडीबद्दल बोलताना पोरींकडे बघायचं नसतं, हा बहुतेक गॅरेजचा नियम असावा! शेवटी मीच विचारलं, ‘पार्ट काहीच न बदलता ताकद येते कुठून?’

फंडा सोपा आहे. इंजिनात जितकी जास्त हवा कोंबाल, तितकं जास्त पेट्रोल जाळता येतं. टर्बो हेच करतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंवर तो फिरतो आणि बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे ठरवतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कम्प्युटर. त्यातले आकडे बदलले की झाला रिमॅप. दोन-तीन तासांचं काम, खर्च पन्नास हजारांच्या आसपास आणि 180 चे साधारण 230. सॉल्लिड ना?

मग कंपनीच का देत नाही? कारण कंपनीला ती गाडी तुमच्या हातातही चालवायची असते आणि सर्व्हिसिंग वर्षभर पुढे ढकलणाऱ्या तुमच्या मामांच्या हातातही. मे महिन्यातल्या नागपुरात आणि लेहच्या विरळ हवेतही. म्हणून ती थोडी जागा राखून ठेवते. ट्यूनर विकतो ती हीच राखीव जागा.

पेट्रोलचंच घ्या. हवा जास्त दाबली की पेट्रोल ठिणगीआधीच किंवा वेडंवाकडं पेटण्याचा धोका वाढतो. त्याला म्हणतात नॉकिंग. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल ते सहन करतं. मुंबई-पुण्यात 100 ऑक्टेन 2020 च्या डिसेंबरपासून मिळू लागलं, पण ठरावीक पंपांवरच. त्यावर बेतलेला रिमॅप घेऊन देवगडला आंबे आणायला गेलात आणि वाटेत साधंच पेट्रोल भरावं लागलं, तर नॉक सेन्सर ठिणगी उशिरा टाकायला लावतो. इंजिन वाचतं, पण पैसे मोजून घेतलेले घोडे तेवढ्यापुरते तबेल्यात.

मित्र हे सगळं पाठ करून आला होता. त्याला गाठलं ते भलत्याच गोष्टीने. ट्यूनरने लॅपटॉप वळवला आणि म्हणाला, ‘सर, इंजिन घेईल. गिअरबॉक्सचं काय?’

या ऑक्टाव्हियात सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी आहे. त्याला झेपणारा टॉर्क, म्हणजे इंजिनचा पीळ, 250 न्यूटनमीटर. आणि कंपनीने इंजिनला किती दिलाय? बरोबर 250! हा योगायोग नाही. 2016 ची सुपर्ब आठवा. तेच 1.8 टीएसआय, तेच 180 पीएस. मॅन्युअलमध्ये टॉर्क 320 आणि या डीएसजीबरोबर 250. म्हणजे इंजिनचा गळा कंपनीने आवळला तो गिअरबॉक्स जगावा म्हणून. रिमॅप नेमका तोच हात सोडवतो. क्लच लगेच जाईल असं नाही. बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये तापत तापत जाईल. आणि डीएसजीच्या दुरुस्तीच्या बिलापुढे पन्नास हजार म्हणजे चहापाणी!

‘करून देतो,’ ट्यूनर म्हणाला, ‘पण गिअरबॉक्सची जबाबदारी तुमची, असं लिहून द्यावं लागेल.’ त्याचा हा प्रामाणिकपणा मला आवडला. मित्राला अजिबात नाही.

2017 ची व्हीआरएस असती तर गोष्ट वेगळी. तिचं इंजिन 2 लिटरचं, 230 पीएसचं, गिअरबॉक्स तेलातल्या क्लचचा, कंपनीकडूनच 350 न्यूटनमीटर पेलणारा. तिथे थोडं वाढवणं मला पटतं. आमच्या कंपूतल्या 1.8 वाल्यांना मात्र हे ऐकायचंच नसतं.

आता कागदपत्रं. बोअर आहे, पण वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी जुळणार नाहीत असे बदल करू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलांसाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी चालू असेल तर तीही धोक्यात. आणि विमा कंपनीपासून रिमॅप लपवलात, तर अपघातानंतर क्लेम नाकारायला तुम्हीच कारण दिलंत. मी मित्राला विचारलं, ‘इन्शुरन्सवाल्यांना कळवणार आहेस?’ तो म्हणाला, ‘त्यांना कुठे कळतंय!’ मागच्या सीटला त्याच्या मुलीची चाइल्ड सीट होती. मी फक्त तिकडे बघितलं. पुढे तोही काही बोलला नाही.

ब्रेकचा तर त्याने विचारच केला नव्हता. 100 ऐवजी 140 च्या वेगात गाडी थांबवायची तर ब्रेकना जवळपास दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. आणि त्याच्या टायरवर लिहिलं होतं 2018!

दीड तास आम्ही तिथेच. दोन चहा. शेवटी वायर निघाली, ती काहीही न बदलता. पन्नास हजारांत चार नवे टायर, पुढचे ब्रेक पॅड, स्पार्क प्लग आणि इंजिन ऑइल बसलं. वर थोडे पैसे उरले, त्याची मिसळ झाली.

पुढच्या शुक्रवारी मीही होते गाडीत. एक्स्प्रेस-वेवर सपाटीला 100 ची मर्यादा, वर कॅमेरे. कामशेतच्या पुढे त्याने एका ट्रकला ओव्हरटेक केलं. गाडी सुळ्ळकन पुढे गेली, टायरचा आवाज नाही की स्टिअरिंगची थरथर नाही. ‘आधी अशी जात नव्हती यार,’ तो म्हणाला. घोडे होते तेवढेच, 180.

काल त्याने मला एक लिंक पाठवली. 2017 ची व्हीआरएस, लाल, एकच मालक. खाली लिहिलं होतं, ‘हिचा गिअरबॉक्स झेपेल ना?’