अ‍ॅसिड स्लरीच्या आधीचा द्रव

साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरचा 125 मेगावॉटचा सौरप्रकल्प दिवस मावळला की थांबतो. सूर्यातून निघणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण थांबत नाहीत. दिवसा डोक्यावरून, रात्री पृथ्वी आरपार करून पायाखालून, चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला सुमारे 6,500 कोटी कण निघून जातात आणि क्वचितच एखादा कशाला धडकतो. त्याला गाठायचं तर हजारो टन माल हवा. तोही पारदर्शक, कारण धडकेचा उजेड बाहेर दिसायला हवा. म्हणून द्रव.

1956 मध्ये रेन्स आणि कोवन यांना अणुभट्टीशेजारी न्यूट्रिनोचा पहिला पुरावा मिळाला, तो पाण्याच्या टाक्या आणि कण शिरला की चमकणारा द्रव, म्हणजे सिंटिलेटर, वापरूनच. पुढे असा द्रव म्हणून स्यूडोक्युमीन आलं. चमकतं झकास, पण 50 अंशांच्या आसपास त्याची वाफ ठिणगीने पेट घेते. मे महिन्यातल्या जळगावात त्याची टाकी कोण ठेवून घेईल?

उत्तर सापडलं साबणाच्या धंद्यात. खानदेशात कपडे धुण्याची पावडर घरी बनवणारे अ‍ॅसिड स्लरी आणतात, ती ज्यापासून बनते ते लिनिअर अल्किल बेन्झीन, म्हणजे 'लॅब'. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला ते बनतं. सहजी पेटत नाही आणि अ‍ॅक्रिलिकलाही खात नाही. चीनमधल्या 'जुनो' या न्यूट्रिनो प्रयोगात जमिनीखाली 700 मीटरवर 35 मीटर व्यासाच्या अ‍ॅक्रिलिक गोलात असा 20,000 टन द्रव भरला आहे. ऑगस्ट 2025 पासून नोंदी सुरू आहेत. कृती अगदी साधी: लिटरभर 'लॅब'मध्ये चमक देणारं अडीच ग्रॅम पीपीओ आणि त्या उजेडाचा रंग बदलणारं, चिमूटभराहूनही कमी, 3 मिलिग्रॅम, बिस-एमएसबी. जीव काढते ती शुद्धता. अ‍ॅल्युमिनातून गाळा, ऊर्ध्वपातन करा, पाण्याने धुवा, नायट्रोजनने वायू हाकला. तेव्हा कुठे उजेड 20 मीटर टिकतो आणि युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गाची लुडबुड थांबते.

आपला तमिळनाडूतला नियोजित न्यूट्रिनो प्रकल्प लोखंड आणि वायूवर बेतलेला होता, तो रखडला. माझ्या मते द्रवाकडे आपण उगाच दुर्लक्ष केलं. न्यूट्रिनो गाठण्याचं निम्मं काम रसायनवाल्यांचं आहे, आणि जळगावच्या विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे. वरच्या कृतीचा लिटरभर द्रव, क्षीण उजेड टिपणारा एक फोटोमल्टिप्लायर आणि अंधारा डबा एवढ्यावर विद्यार्थ्यांचा प्रकल्प उभा राहील. त्यात न्यूट्रिनो सापडणार नाही. पण आकाशातून येणारे म्यूऑन नावाचे कण मोजता येतील, आणि आपण द्रव किती स्वच्छ केला तेही कळेल.